शिवणीतील माया

आपल्याकडील शिंपी व घरी शिवणकाम करणाऱ्या बाया 'माया' हा शब्द एका खास अर्थाने वापरतात. कापड बेतताना टिपेच्या पलीकडे, आतल्या अंगाला, जे बोट-दोन बोटे कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. मुलीचा पोलका घट्ट होऊ लागला म्हणजे आई तो उलटा करून बगलेतली शिवण पाहते आणि म्हणते, "माया आहे, सैल करता येईल." नाहीतर म्हणते, "मेल्याने माया ठेवलीच नाही!" हाच शब्द आपण आईच्या जिव्हाळ्यालाही लावतो. वेदान्ती लोक त्याचा आणखी निराळा अर्थ करतात, तो आज बाजूला ठेवू. पण शिवणीतली माया आणि आईची माया यांचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, हा विचार गेली दोन-तीन वर्षे आमच्या मनात घोळत आहे, आणि त्याला कारण आमच्या मंडळीतील जुन्या कपड्यांची गाठोडी आहेत.

प्रश्न असा. शिवून पुरा झालेला, एकाने वापरलेला कपडा दुसऱ्याला द्यावयाचा आहे. तो घेणाऱ्याच्या अंगाचा करून देणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे काय? की धुऊन, घडी घालून हातात दिला म्हणजे आपले काम संपले? आणि अंगाचा करून द्यावयाचा म्हटले तर दुसऱ्याच्या अंगाला माप लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बडोदे असो, इंदूर असो की बेळगाव, नाताळाच्या आधी कपडे गोळा करणे हे आपल्या मंडळ्यांत नित्याचेच झाले आहे. म्हणून प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

प्रथम कामाविषयी थोडे सांगतो, कारण ते ठाऊक नसले की अशा चर्चा हवेत राहतात. समजा एका दहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक बारा वर्षांच्या मुलीला लांबीत पुरवावयाचा आहे. खालचे हेम उसवावे लागते. हेम यंत्राचे असेल तर टिपेत दोन दोरे असतात, एक वरचा व एक खालचा. घाईने पाते चालविले तर कापडच कापले जाते. जाणती बाई एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका तोडते, मग उलट बाजूचा दोरा धरून ओढते, आणि तो सरळ निघून येतो. मग जुन्या घडीची रेघ दिसू लागते. बाहेरचे कापड उन्हाने व धुण्याने विटलेले असते, घडीच्या आतले कापड मात्र पहिल्या दिवसाचा रंग धरून असते. इस्त्रीने घडी मोडते, पण रंगातला हा फरक जात नाही. म्हणून त्या रेघेवर बारीक लेस बसवितात, किंवा रंगीत दोऱ्याने साखळीटाक्याची एक ओळ घालतात. ती जणू आधीपासूनच तेथे असावी असे वाटले पाहिजे.

फ्रॉक छत्रीच्या घेराचा असेल तर तो एक रात्र टांगून ठेवावा लागतो, कारण तिरपे कापड आपल्या वजनाने खाली उतरते. नवी लांबी ठरविताना कमरेपासून मोजत नाहीत. मुलीला उभी करून जमिनीपासून वर मोजतात, कारण कोणाचेही दोन्ही खांदे अगदी सारखे नसतात. शेवटी हाताने हेम घालावयाचे. सुईने बाहेरच्या कापडाचा एकच तंतू, फार तर दोन, उचलावयाचे आणि दोरा ताणावयाचा नाही. ताणला की बाहेरून सुरकुती दिसते. एवढ्या कामाला एक संध्याकाळ जाते. यात कोठेही कला दाखविण्यास जागा नाही. उत्तम झालेले काम दिसतच नाही, हीच त्याची परीक्षा.

आता पवित्र शास्त्रातील एका प्रसंगाकडे वळतो. दावीद गल्याथाशी लढावयास निघाला तेव्हा शौलाने त्याला आपली वस्त्रे घातली, डोक्याला शिरस्त्राण व अंगात चिलखत घातले. शब्बाथशाळेत हा धडा आपण नेहमी शिकवितो, पण बहुधा गोफण व पाच गोट्यांकडे जाण्याच्या घाईत या कपड्यांपाशी थांबत नाही. शौल हा इस्राएलातील कोणाच्याही डोक्यावरून वर दिसणारा पुरुष होता, असे त्याच पुस्तकात आधी आलेले आहे. दावीद घरातला धाकटा मुलगा. शौलाच्या मनात या वेळी काही कपट नव्हते. त्याने आपल्याजवळचे सर्वांत चांगले, स्वतःच्या अंगावरचे, दिले. उणीव एवढीच की ते त्याच्या मापाचे होते आणि त्या छावणीत मुलाकडे नीट पाहून "हे याला कसे चालेल?" असे म्हणणारा कोणी नव्हता. ते मुलालाच म्हणावे लागले. त्याने ते उतरवून ठेवले. राजाने दिलेले अंगावरून उतरवून ठेवावयास त्या पोराला किती धैर्य लागले असेल! गल्याथासमोर उभे राहण्याआधी त्याने हे धैर्य दाखविले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. आपल्या मंडळीतील गरीब माणसाला मात्र पंचांनी दिलेला कोट उतरवून ठेवता येत नाही. तो तसाच, बाह्या दुमडून, घालतो.

देणाऱ्याच्या मापाने दिलेले दान मोठ्या प्रमाणावर झाले म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा आल्या, त्यानंतर देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग गेले. ज्यांचे घर, होडी, जाळी व माणसे गेली होती त्या कोळी लोकांना ते नको होते. कितीतरी कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. 'गूंज' या दिल्लीच्या संस्थेने पुढे ते उचलले, निवडले व उपयोगात आणण्याचे काम अंगावर घेतले. या संस्थेचे संस्थापक अंशु गुप्ता यांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा हे दान नव्हे, घेणाऱ्याच्या स्वाभिमानाचा तो प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका आहे. पाठविणारे सर्व दुष्ट होते असे कोण म्हणेल? पुष्कळांनी दूरदर्शनवर चित्रे पाहून रडत रडत कपाटे उघडली असतील. पण त्या ढिगांत फाटके होते, बटणे नसलेले होते, आणि ज्या लोकांचा पोशाखच निराळा त्यांच्या हाती पडलेले तऱ्हेतऱ्हेचे कपडेही होते. अश्रू खरे असले तरी माप खरे असतेच असे नाही.

आमच्या मंडळीत ही गोष्ट एका वयस्क भगिनीने लावून धरली. त्या इस्पितळात परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांचे म्हणणे असे की, आधी कपडे गोळा करून मग "हा कोणाला होईल?" असे शोधणे उलटे आहे. आधी माणूस, मग त्याचे माप, मग कपडा. आणि कपडा त्या मापाचा केल्याशिवाय खोलीच्या बाहेर जाता कामा नये. त्यांनी गुरुवारी दुपारी उपासनामंदिरामागच्या खोलीत चार-पाच जणींना बसविले. यंत्र असूनही बरेचसे काम हातानेच होऊ लागले, कारण तयार कपड्याच्या आतल्या कोपऱ्यांत यंत्राचा पाय नीट जात नाही. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. फ्रॉक ज्या घरातून आला त्या घरच्या मुलीने तो शब्बाथशाळेत ओळखू नये म्हणून कॉलर बदलावयाची, बटणे बदलावयाची, खिसा काढून टाकावयाचा, असा त्यांचा दंडक होता.

यावर आक्षेप आले, आणि ते उडवून देण्यासारखे नव्हते.

पहिला आक्षेप वेळेचा. ज्या सकाळी पूर्वी सारी गाठोडी वाटून होत, तेवढ्या अवधीत आता एक परकर पुरा होईना. थंडी मापासाठी थांबत नाही, असे एका पंचांनी म्हटले. हे खरेच आहे. उघड्या अंगाच्या माणसाला सैल स्वेटर आजच दिला पाहिजे. घाईची वेळ व नेहमीची वेळ यांत फरक करावा, एवढे याला उत्तर आहे. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक नाताळ घाईचे नसतात. ते येणार हे आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असते.

दुसरा आक्षेप देणाऱ्या एका भगिनीचा होता. तिने आपल्या मुलीचा वाढदिवसाचा फ्रॉक दिला होता. त्याची कॉलर काढलेली पाहून तिला वाईट वाटले. "एवढा चांगला फ्रॉक कापून टाकला!" असे ती म्हणाली. येथे कोणी तरी, जुन्या वस्त्राला नवे ठिगळ लावू नये असा प्रभूचाच दाखला असल्याचे पुढे केले. तो दाखला या कामाला लागू नाही असे आम्हांस वाटते. मत्तय व मार्क यांत कोऱ्या, पाण्यात न भिजलेल्या कापडाची गोष्ट आहे. ते धुतल्यावर आटते आणि जुन्याला ओढून फाडते. लूकच्या शुभवर्तमानात नव्या वस्त्राचाच तुकडा काढून जुन्याला लावण्याची गोष्ट आहे, त्यात दोन्ही वस्त्रे जातात. दाखला नव्या व जुन्या मार्गाविषयी आहे, सुईविरुद्ध नाही. उलट ज्या घरात रफू व ठिगळे होत असत अशाच घरात वाढलेल्याचे ते बोलणे आहे. राहिला त्या भगिनीच्या दुःखाचा प्रश्न. तिचे दुःख खोटे नव्हते, पण तिने फ्रॉक दिला होता की ठेवावयास दिला होता, हे तिनेच ठरवावयाचे होते. दिलेल्या वस्तूवर आपली खूण राहावी, ती दुसऱ्याच्या अंगावर ओळखू यावी, ही इच्छा फार बारीक असते आणि चांगल्या माणसांतही असते.

तिसरा आक्षेप मात्र बोलून दाखविला गेला नाही. तो एका आईने केला, तोही फार थोड्या शब्दांत. आणि आमच्या मते सर्वांत वजनदार तोच आहे.

तिची मुलगी नववीत होती. अंगावर फीत धरून माप घेतल्याने मोठ्या मुलींना संकोच होतो, म्हणून त्या वयस्क भगिनीने निराळी रीत काढली होती. शिंप्याकडे आपण मापाचा ब्लाउज देतो, तसा घरचा एखादा बसणारा फ्रॉक मापाला मागून घ्यावयाचा. या आईने तो दिला नाही. ती म्हणाली, "बाई, कपडा द्या, तुमचे उपकार आहेत. पण माझ्या लेकीला माप लावायचे ते मी लावीन. सुईदोरा आहे माझ्याकडे."

काही जणांनी याला ताठा म्हटले. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला आणि आमचे मत निराळे झाले. शिंपीही आपले माप घेतो, पण त्याला आपण मजुरी देतो. तो वाकून माप घेतो व आपण उभे असतो. दोघेही आपापल्या जागी मोकळे असतात. दानात ही मजुरी नसते. मापाला दिलेला फ्रॉक म्हणजे घरातला सर्वांत बरा फ्रॉक, आणि तो कसा आहे, कोठे विरला आहे, आत किती ठिकाणी टाके आहेत, हे सारे पाच बायांच्या मांडीवर उलगडले जाणार. ज्या आईजवळ मुलीला देण्यास थोडेच उरले होते तिच्याजवळ एक गोष्ट अजून होती, ती म्हणजे मुलीच्या अंगाची जाण. तीही आपण प्रेमाने मागत होतो. शौलाने माप घेतले नाही हे चुकले. पण सारे माप आपणच घ्यावे आणि समोरच्याने फक्त हात वर करून उभे राहावे, हेही बरोबर नाही.

मग नियम काय करावा? एकच नियम होत नाही. त्याच वर्षी एका वृद्ध विधुराला विजार द्यावयाची होती. ते खालचा भाग दुमडून सेफ्टी पिना लावून फिरत असत. एकदा पीन उघडून पायाला लागलीही होती. त्यांना "सुईदोरा घ्या व तुम्हीच करा" म्हणणे ही क्रूरता झाली असती. त्यांची विजार कापून, हेम घालूनच दिली गेली, आणि त्यांनी दोन्ही पाय एकामागून एक पुढे करून ती सर्वांना दाखविली. यापोच्या त्या विधवांची आम्हांस आठवण झाली. दुर्कस वारली तेव्हा त्या पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. मूळ ग्रीक क्रियापदाच्या रूपावरून काही भाष्यकार असे सुचवितात की, ती वस्त्रे त्यांनी अंगावरच घातलेली होती. दुर्कस ही दुरून गाठोडे पाठविणारी नव्हती. ती त्यांच्यात राहून शिवीत असे, असेच त्या वृत्तान्तावरून दिसते. त्यांत मापाला वस्त्र न देणारी एखादी मानी विधवा होती काय, आणि दुर्कसने तिचे कसे केले, हे लिहिलेले नाही. असते तर आमचे काम सोपे झाले असते.

या बाबतीत आम्हांस जास्त मदत हन्नाकडून मिळाली. तिने शमुवेलाला लहानपणीच शिलो येथे एलीजवळ ठेवले. पुढे दर वर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला येथे एक प्रश्न पडेल. माप कोणते? मूल वर्षातून एकदा दिसणार. गेल्या वर्षी किती उंच होते तेवढे आठवते, यंदा किती झाले असेल हे ठाऊक नाही, आणि हा झगा पुढच्या भेटीपर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष, पुरवावयाचा आहे. अगदी बेताचा शिवला तर दोन महिन्यांत आखूड होईल. फार मोठा शिवला तर आज सेवेच्या वेळी पायांत येईल. शास्त्र येथे काही सांगत नाही. पण कोणतीही शहाणी आई अशा वेळी एकच गोष्ट करते. आजच्या अंदाजाने शिवते आणि आत भरपूर कापड दुमडून ठेवते. मूल वाढेल, आपण जवळ नसू, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी ते सोडता येईल. येथे शिवणीतली माया आणि आईची माया या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नाहीत. जे मूल आपल्या हाती राहिलेले नाही, त्याच्या वाढीला जागा ठेवणे एवढेच हाती असते.

त्या वयस्क भगिनीने, आपले म्हणणे सोडले असे न म्हणता, रीत बदलली. आता जे मागतील त्यांना कपडा पुरा करून मिळतो. इतरांना तो अर्धा करून मिळतो. म्हणजे धुतलेला, सर्व बटणे व हूक जागच्या जागी, खालचे हेम उसवून, इस्त्री करून, नुसत्या लांब कच्च्या टाक्यांनी धरलेले. सोबत त्याच रंगाच्या दोऱ्याची रिळ व कागदात टोचलेल्या दोन सुया. कच्चे टाके एका ओढीत निघतात. नाताळच्या नाटकात वडिलांचा झगा लहान मेंढपाळाला घालताना आपण असेच टाके मारतो, आणि दुसऱ्या दिवशी झगा पुन्हा वडिलांचा होतो. घेणाऱ्याने ते काढून हवे तसे शिवावे. नववीतल्या त्या मुलीचा फ्रॉक तिच्या आईने शिवला. नाताळच्या उपासनेत त्या भगिनीने दुरूनच त्याच्या हेमाची जाडी पाहिली आणि आमच्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "दोन बोटे ठेवलीत तिने. पुढच्या वर्षालाही होईल."

एक अडचण मात्र दर वर्षी वाढते आहे. आता येणारे बहुतेक कपडे तयार, दुकानातले असतात. कारखान्यातील ओव्हरलॉकचे यंत्र शिवता शिवताच कडेचे कापड कापून टाकते. आत राहते ती अरुंद पट्टी आणि तिच्यावर दोऱ्यांचे जाळे. एका कपड्यामागे वाचलेली चिंधी कारखान्याला हजारो कपड्यांत पुष्कळ होते, आणि घट्ट झाला तर गिऱ्हाईक दुसरा घेईल असा हिशेब असतो. असा कपडा लहान करता येतो, मोठा करता येत नाही. बाजारात रस्त्याकडेला 'येथे आल्टर करून मिळेल' अशी पाटी लावून बसलेल्या शिंप्याला विचारा, तो हेच सांगेल. टी-शर्टाला तर हेम सोडण्यात अर्थच नसतो, आणि विणीच्या कापडाला हाताचा टाका नीट बसत नाही. पूर्वी जे कपडे कोणाच्याच अंगाला होत नसत ते वाकळीत जात. बेळगावकडच्या भगिनी कौदी म्हणतात ती हीच. पण टी-शर्टाची वाकळ धड होत नाही.

त्या वयस्क भगिनीचे म्हणणे, ज्यात माया नाही असा कपडा मंडळीने घेऊच नये. दुसऱ्या एका भगिनी म्हणतात की मुलांना टी-शर्टच आवडतात, सैल असला तरी ती खुशीने घालतात, मग आपण आपली शिवणकला त्यांच्यावर का लादावी? मागच्या गुरुवारी यावर बराच वेळ बोलणे झाले व एकमत झाले नाही. टी-शर्टांचे गाठोडे तूर्त खोलीच्या कोपऱ्यात ठेवले आहे.